वाट सापडली, मग गाव

1930 च्या डिसेंबरात बर्ट्रम थॉमस सलालाहून उंटांचा तांडा घेऊन निघाला, तेव्हा रुब अल् खालीचं वाळवंट एकाही युरोपियनाने ओलांडलेलं नव्हतं. मस्कतच्या सुलतानाचा हा इंग्रज वजीर. वाटेत एके ठिकाणी त्याच्या बेदू वाटाड्यांनी वाळूकडे बोट केलं. जमिनीवर जुन्या, मळलेल्या वाटांचा पट्टा होता आणि तो थेट वाळूच्या टेकड्यांत शिरत होता. ही उबारची वाट, असं त्यांनी सांगितलं. उबार म्हणजे खजुराच्या बागांचं, किल्ल्याचं, अमाप धनाचं शहर. माजलं म्हणून देवाच्या कोपाने जमिनीत गडप झालेलं. थॉमसने पट्टा मोजला, तो शंभरेक यार्ड रुंद भरला. दहा-वीस उंटांच्या येण्या-जाण्याने अशी वाट पडत नाही. पण पाणी मोजकं होतं, त्यामुळे जागा टिपून घेऊन तो पुढे गेला.

पुढची पन्नास वर्षं ती नोंद थॉमसच्या पुस्तकात जवळजवळ पडूनच राहिली. मधे फक्त एकदा, 1953 मध्ये, वेंडेल फिलिप्स हा अमेरिकन संशोधक त्या वाटेने निघाला, पण टेकड्यांनी त्याची वाट गिळली.

मग निकोलस क्लॅप आला. लॉस एंजेलिसचा हा माहितीपट करणारा माणूस ओमानमध्ये गेला होता तो ओरिक्स हरणांवर चित्रपट करायला. थॉमसचं पुस्तक त्याच्या वाचनात आलं आणि उबारने त्याला झपाटलं. त्याने सरळ नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीला फोन लावला: अवकाशातून हरवलेलं शहर शोधता येईल का? कुठल्याही कचेरीत अशा फोनचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. इथे मात्र रोनाल्ड ब्लोम हा भूवैज्ञानिक ऐकायला तयार झाला.

त्यालाही कारण होतं. 1981 मध्ये कोलंबिया यानातल्या रडारने सहाराच्या वाळूखाली बुजलेली नदीपात्रं दाखवून सगळ्यांना चकित केलं होतं. रडारच्या लहरी अगदी कोरड्या वाळूत थोड्या आत शिरतात आणि खालच्या कठीण थरावरून परततात. ऑक्टोबर 1984 मध्ये चॅलेंजर यानातल्या रडारने ओमानचा तो टापू टिपला. शहर काही दिसलं नाही.

शोध इथेच संपायचा, पण ब्लोमने लॅंडसॅट आणि फ्रान्सच्या स्पॉट या उपग्रहांच्या प्रतिमाही काढल्या. लॅंडसॅटला डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही टिपता येतात. शतकानुशतकं उंटांच्या पावलांखाली भरडलेल्या जमिनीची धूळ होते आणि आजूबाजूच्या खडीपेक्षा ती हे किरण निराळ्या तऱ्हेने परतवते. जमिनीवर उभं राहून जिथे काहीच कळत नाही, तिथे वरून फिकट रेघ उमटते. अशा रेघा मिळाल्या, पण फार मिळाल्या. त्यांत जीपगाड्यांनी पाडलेल्या वाटाही होत्या. मग जुनी कुठली आणि कालची कुठली?

उत्तर वाळूनेच दिलं. नवी वाट टेकडीला वळसा घालून जाते. काही रेघा मात्र प्रचंड टेकडीच्या एका बाजूला आत घुसत होत्या आणि दुसऱ्या बाजूला तशाच सरळ बाहेर पडत होत्या. म्हणजे वाट आधी, टेकडी नंतर! सगळ्या शोधकथेत मला हा क्षण सर्वांत थरारक वाटतो, आणि तो कुदळीचा नाही, टेबलावर पसरलेल्या कागदाचा आहे.

1990 मध्ये क्लॅप प्रत्यक्ष वाळवंटात उतरला. सोबत पुरातत्त्वज्ञ युरिस झारिन्स आणि पूर्वी ओमानच्या फौजेत लढलेला साहसवीर रॅनल्फ फाइन्स होते. वाळूत भटकून फारसं काही हाती लागेना. वाटा मात्र पुन्हापुन्हा एकाच ठिकाणी येऊन मिळत होत्या. ते ठिकाण म्हणजे शिसर: एक विहीर, चार घरं, एक पडका गढीवजा किल्ला. थॉमसनेही ही गढी पाहिली होती आणि ती फार जुनी नसावी असं सगळेच धरून चालले होते.

1991 च्या अखेरीस झारिन्सने तिथे खणायला घेतलं. तटबंदी निघाली, बुरूज निघाले, दूरदेशीच्या घाटाची खापरं निघाली. आणि मधोमध भलंमोठं भगदाड. गाव चुनखडीच्या पोकळ थरावर वसलं होतं. खालचं पाणी उपसून पोकळी वाढली असावी. छत खचलं आणि किल्ल्याचा एक भाग पोटात गेला. जमिनीत गडप झालं, हे बेदूंचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं! फेब्रुवारी 1992 मध्ये उबार सापडल्याची बातमी जगभर पोचली.

एवढं वैभव या ओसाडीत आलं ते धुपामुळे. धोफारच्या डोंगरात धुपाची झाडं आहेत, आपल्या सातपुड्यातल्या सालईच्या कुळातलीच. तो धूप उत्तरेकडे नेणाऱ्या तांड्यांना वाळवंटात शिरण्याआधी पाणी मिळे ते शिसरला.

पण नावाचं काय? 1996 मध्ये झारिन्सनेच एका मुलाखतीत सांगितलं की उबार हे एका गावाचं नाव नसून प्रदेशाचं असावं. प्राचीन भूगोलकार टॉलेमीच्या नकाशातही तशा नावाचे लोक आढळतात. दंतकथेतलं अमाप धन तर कुठेच मिळालं नाही. झारिन्सचं म्हणणं मला पटतं. शिसर हा धूपवाटेवरचा महत्त्वाचा तळ होता एवढं पक्कं आहे, आणि तेवढं पुरेसं आहे. 2000 मध्ये युनेस्कोने धोफारच्या धूपभूमीतल्या ज्या चार जागा जागतिक वारशात घेतल्या, त्यांत शिसर आहे.

क्लॅपला जे पाहायला नासाचं दार ठोठावावं लागलं, ते आता कुणालाही खुलं आहे. लॅंडसॅटचा सगळा संग्रह 2008 पासून मोफत मिळतो. सलालाच्या उत्तरेला, वाळूच्या कडेला शिसर शोधा आणि तिथून निघणाऱ्या रेघा स्वतः पाहा.