एका छपराखाली

मध्य बोस्नियाच्या डोंगरांत यायत्से नावाचे एक लहानसे गाव आहे. टेकडीवर जुना किल्ला, त्याखाली उतरत्या छपरांची घरे आणि अगदी पायथ्याशी गर्जणारा धबधबा, असा या गावाचा देखावा आहे. प्लिवा नदी येथे कड्यावरून उडी घेऊन वर्बास नदीस मिळते. १९४३ साली युगोस्लाव्हियाच्या नव्या संघराज्याचा पाया ज्या सभेत घातला गेला, ती सभा याच गावी भरली होती.

पुढे ते संघराज्य मोडले. १९९२ ते १९९५ या काळात बोस्नियातील सर्ब, क्रोएट व बोस्नियाक या समाजांत घोर युद्ध होऊन सुमारे एक लाख माणसे प्राणास मुकली. १९९२ च्या ऑक्टोबरात यायत्से सर्ब सैन्याच्या हाती पडले. ते राखण्यासाठी क्रोएट व बोस्नियाक एकाच बाजूने लढले होते. गाव पडताच हजारो लोक मुलेबाळे व गाठोडी घेऊन त्राव्हनिक शहराच्या वाटेस लागले. परंतु एकच दुःख भोगलेले हे दोन समाज लवकरच एकमेकांचे वैरी झाले. गाव तुमच्यामुळे गेले, असे प्रत्येक जण दुसऱ्यास म्हणू लागला. १९९३ मध्ये तर त्यांच्यातच लढाई जुंपली. १९९५ साली क्रोएट सैन्याने गाव परत घेतले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तह होऊन सर्वत्र तोफा थंडावल्या.

तहानंतरही प्रत्येक घरी युद्धाची हकीकत निराळी सांगितली जाई. शाळांतही भाषा, इतिहास व भूगोल या विषयांचे अभ्यासक्रम समाजागणिक वेगळे ठरले. कित्येक ठिकाणी एकाच इमारतीत दोन शाळा भरू लागल्या. मुलांचे वर्ग वेगळे, शिक्षक वेगळे, काही ठिकाणी तर आत जाण्याची दारेही वेगळी! परागंदा झालेली कुटुंबे परत यावीत म्हणून केलेली ही तात्पुरती सोय होती. पण तात्पुरत्या सोयी फार दिवस टिकतात, तसे येथेही झाले. २००७ मध्ये तेथील एका शिक्षणमंत्र्यांनी सफरचंदे आणि नासपती एकत्र ठेवू नयेत, असे सांगून या पद्धतीचे समर्थन केले होते.

यायत्से येथील माध्यमिक शाळांत मात्र दोन्ही समाजांची मुले एकत्र शिकत होती. २०१६ साली बोस्नियाक मुलांसाठी वेगळी शाळा काढण्याची योजना पुढे आली. आपल्या मुलांना आपल्या अभ्यासक्रमानुसार शिकता यावे, ही तिच्या पुरस्कर्त्यांची भूमिका होती, आणि ती अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. पण ज्यांच्यासाठी हे चालले होते, त्या मुलांनाच ती नको होती. क्रोएट व बोस्नियाक विद्यार्थी मिळून रस्त्यावर आले. वडीलमंडळींच्या तोंडून युद्धाच्या कथा ऐकत वाढलेल्या मुलांना हे सोपे नव्हते. शेजारच्या बाकावरील मित्राच्या घरी त्याच कथेत आपले लोक अपराधी ठरतात, हे ती जाणून होती.

२०१७ च्या जून महिन्यात ही मुले प्रांतिक सरकारचे ठाणे असलेल्या त्राव्हनिक येथे गेली. पंचवीस वर्षांपूर्वी गाव सोडून पळालेली माणसे ज्या शहराकडे निघाली होती, तेच हे शहर. त्यांनी तेथे शांततेने निदर्शने केली. अखेर सरकारने ती योजना बाजूस ठेवली.

२०१८ साली या विद्यार्थ्यांना मॅक्स व्हान डेर स्टूल यांच्या नावाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार देण्यात आला. एकाच छपराखाली दोन शाळा भरण्याची पद्धत त्या वर्षीही देशात अन्यत्र चालूच होती. २०१६ मध्ये जे विद्यार्थी अखेरच्या वर्गात होते, ते तर तोवर शाळा सोडून गेलेही होते. वेगळी शाळा निघाली असती, तरी त्यांची बाके काही वाटली गेली नसती. वाटली गेली असती ती धाकट्यांची.