खानदेशची राजधानी मध्य प्रदेशात कशी गेली? रावेरशेजारच्या सल्तनतीची गोष्ट

रावेरहून जळगाव साठ-पासष्ट किलोमीटर. बऱ्हाणपूर जेमतेम पंचवीस. रावेरच्या केळी उत्पादकाचा एक डोळा बऱ्हाणपूरच्या लिलावावर असतो, सोयरिकी तिकडे आहेत, आणि तालुक्यातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचं नावच मुळी बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्ग आहे. पण मोबाइलवर नकाशा उघडला की या दोन गावांच्या मधून राज्याची सीमा जाते.

खानदेश म्हटलं की आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे डोळ्यांसमोर येतात. मात्र ज्या राज्यामुळे हे नाव कागदोपत्री पक्कं झालं, त्या फारुकी सल्तनतीची राजधानी होती बऱ्हाणपूर. म्हणजे खानदेशची जुनी राजधानी खानदेशच्या आजच्या नकाशातच नाही. असं का झालं, याचं उत्तर सातपुड्यातल्या एका खिंडीत आणि अठराव्या शतकात पेशव्यांनी केलेल्या एका वाटपात सापडतं.

सुरुवात थाळनेरला

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे. लता मंगेशकर यांचं आजोळ म्हणून हे गाव अनेकांना माहीत असतं. दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये थाळनेर आणि करवंदचा मुलूख मलिक राजा नावाच्या सरदाराला दिला. तुघलकांची पकड सैल झाल्यावर १३८२ च्या सुमारास मलिक राजा स्वतंत्रपणे वागू लागला. आपलं घराणं दुसरे खलिफा उमर अल-फारूक यांच्या वंशातलं, असा त्याचा दावा होता. फारुकी हे नाव त्यावरून आलं. १३९९ मध्ये तो वारला. त्याची आणि त्याच्यानंतरच्या काही फारुकींची थडगी आजही थाळनेरला आहेत.

त्याचा मुलगा नसीर खान याने राज्याला खरा आकार दिला. असीरगड घेतला आणि तापीच्या उत्तर काठावर नवं शहर वसवलं. दौलताबादचे सूफी संत शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावावरून ते बऱ्हाणपूर झालं. समोरच्या काठावर शेख झैनुद्दीन यांच्या नावाचं झैनाबाद वसलं. मुमताज महलचं १६३१ मध्ये बऱ्हाणपुरात निधन झालं, तेव्हा तिला आधी दफन केलं ते याच झैनाबादेत. ताजमहाल नंतरचा.

गुजरातच्या सुलतान अहमदशहाने नसीरला ‘खान’ ही पदवी मान्य केली आणि खानांचा देश तो खानदेश, अशी व्युत्पत्ती त्यावरून सांगितली जाते. ती एकमेव नाही. कुणी कान्हदेश म्हणतं, कारण इथे अहिरांची वस्ती जुनी आणि अहिराणीचं नावही त्यांच्यावरूनच. कुणी यादवांच्या शिलालेखांतल्या सेउणदेशाकडे बोट दाखवतं. नाव खानांच्या आधीचं असेलही, पण सरकारी दफ्तरात ते रुळलं फारुकींच्या काळात.

असीरगड कसा घेतला, याची कथा मात्र चित्रपटात शोभेल अशी आहे. गडाचा मालक आसा अहिर. नसीर खानाने त्याच्याकडे आपल्या घरच्या स्त्रियांसाठी आसरा मागितला आणि डोल्यांमधून सैनिक आत घुसवले. ही कथा फरिश्त्याने लिहून ठेवली आहे. फरिश्ता विजापूरच्या दरबारी होता आणि त्याने ती लिहिली घटनेनंतर सुमारे २०० वर्षांनी. डोल्यांतून सैनिक नेल्याच्या कथा इतरही किल्ल्यांबद्दल आहेत, त्यामुळे जरा हात राखून वाचलेली बरी. (यूट्यूबवर असीरगड शोधलात तर अश्वत्थामाच जास्त भेटेल, फारुकी फारसे नाहीत.)

एवढी धडपड त्याच गडासाठी का?

इथे भूगोल समजून घ्यावा लागतो. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात. नर्मदा आणि तापी मात्र जमिनीच्या खचलेल्या पट्ट्यांतून पश्चिमेकडे जातात. दोघींच्या मध्ये सातपुडा भिंतीसारखा आडवा पसरला आहे. रावेरहून उत्तरेला पाहिलं की पालच्या दिशेने दिसते ती हीच भिंत.

सैन्य, तोफा, धान्याचे तांडे घेऊन ही भिंत कुठूनही ओलांडता येत नाही. बऱ्हाणपूरच्या उत्तरेला डोंगर बसका होतो आणि नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरायला सोपी वाट मिळते. दिल्ली-आग्र्याहून दख्खनला जाणारा मोठा रस्ता इथून जात असे. आजचा खंडवा-भुसावळ लोहमार्गही याच फटीतून येतो. बऱ्हाणपूरहून वीसेक किलोमीटरवर, पायथ्यापासून अडीचशे मीटरहून अधिक उंच असलेला असीरगड नेमका याच वाटेवर नजर ठेवून उभा आहे. ‘दख्खनचा दरवाजा’ हे त्याचं बिरुद फुकाचं नाही.

पूर्व-पश्चिम दिशेनेही तेच. तापीच्या काठाकाठाने खाली उतरलं की थेट सुरत बंदर. फारुकींच्या काळात बऱ्हाणपुरात मलमल आणि जरीचा धंदा वाढला. पुढे सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये इथून गेला, तेव्हा इथलं कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि कैरोपर्यंत जात असल्याची नोंद त्याने केली. रावेरही या धंद्यात मागे नव्हतं. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये रावेरची ओळख जरीकाम आणि कापडासाठी आहे. केळीचं रावेर ही अलीकडची ओळख झाली.

छोटं राज्य, मोठे शेजारी

नकाशावर फारुकी राज्य म्हणजे तापीच्या खोऱ्याची एक लांबट पट्टी. पश्चिमेला गुजरात, उत्तरेला माळवा, दक्षिणेला बहमनी आणि नंतर अहमदनगरची निजामशाही. तिघेही जास्त ताकदवान. तरीही हे राज्य २१९ वर्षं टिकलं. बहमनी राज्याचे तोवर पाच तुकडे झाले होते, माळवा आणि गुजरात आधीच अकबराच्या ताब्यात गेले होते.

टिकण्याची युक्ती साधी होती. बलवान शेजाऱ्याला धनी मानायचं, मुली द्यायच्या-घ्यायच्या, आणि वारा फिरला की बाजू बदलायची. बहुतेक काळ हा धनी गुजरातचा सुलतान होता. युक्ती दर वेळी चालली असंही नाही. नसीर खानाने आपली मुलगी बहमनी राजपुत्राला दिली. तिला नीट वागवलं जात नाही म्हणून जावयावर चाल केली, आणि बहमनी सैन्याने उलट बऱ्हाणपूरच लुटलं. त्यानंतर लवकरच, १४३७ मध्ये, नसीर वारला.

याउलट १५३७ मध्ये नशीब अगदी दारात आलं होतं. गुजरातचा बहादूरशहा दीवजवळ पोर्तुगिजांशी झालेल्या झटापटीत मारला गेला. त्याचा भाचा, खानदेशचा मीरान मुहम्मद, याला गुजरातच्या सरदारांनी गादीवर बोलावलं. तो निघाला आणि वाटेतच वारला. नाहीतर खानदेश आणि गुजरात एका गादीखाली आले असते.

घराण्यातला सर्वात सामर्थ्यवान राजा म्हणजे दुसरा आदिल खान (१४५७ ते १५०१). मला मात्र जास्त लक्षात राहतो तो राजा अली खान. १५७६ मध्ये तो गादीवर आला, तेव्हा अकबर दाराशी होता. बऱ्हाणपूरची जामा मशीद त्याने बांधली आणि तिच्यात अरबीसोबत संस्कृत शिलालेखही कोरवला. त्यात फारुकींची वंशावळ आहे आणि काळ दिला आहे तो विक्रम संवत १६४६, शके १५११, तिथी-वार-नक्षत्रासह. पंचांग काढून मशिदीची मिती लिहिणारा हा सुलतान मोगलांच्या बाजूने लढताना १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळ मारला गेला. गंमत नव्हे, दुर्दैव असं, की तो शत्रूला मिळाला असं समजून मोगल सैनिकांनी त्याचीच छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी रणांगणात त्याचा मृतदेह सापडला.

असीरगड पडला, पण कसा?

असं झाल्यावर त्याचा मुलगा बहादूरशहा मोगलांवर कशाला विश्वास ठेवेल? तो असीरगडात जाऊन बसला. १६०० मध्ये अकबर स्वतः बऱ्हाणपुरात आला. शहर सहज मिळालं, गड मिळेना. दारूगोळा भरपूर, धान्य भरपूर, भिंती सरळसोट. बहादूरशहा वाटाघाटीसाठी खाली आला, तो परत जाऊ शकला नाही. तरीही गड लढत राहिला. अखेर जानेवारी १६०१ मध्ये तो पडला.

कारणांबद्दल दोन साक्षी आहेत. अबुल फजल या मोहिमेत स्वतः होता. तो गडावरच्या रोगराईवर भर देतो. जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतात बहादूरशहाला शब्द देऊन अडकवल्याचा आणि किल्लेदारांना पैसे चारल्याचा आरोप आहे. दोघेही आपापल्या बाजूचे, त्यामुळे एकट्या कुणावर हवाला ठेवता येत नाही. बहादूरशहा कैदी म्हणून ग्वाल्हेरला गेला. राज्य मोगलांचा सुभा झालं आणि शहजादा दानियालच्या नावावरून त्याला ‘दानदेश’ म्हटलं गेलं. फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावर हे नाव कोरलेलं आहे. लोकांच्या तोंडी मात्र खानदेशच राहिलं.

मग सीमा आली कुठून?

मोगल सुभ्याचं मुख्य ठाणंही बऱ्हाणपूरच होतं. १६८१ च्या सुरुवातीला संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूर लुटलं, ते याच संपत्तीमुळे. अठराव्या शतकात मुलूख निजामाकडे गेला. पहिला निजाम आसफजाह १७४८ मध्ये वारला तोही बऱ्हाणपुरात. इथपर्यंत रावेर आणि बऱ्हाणपूर एकाच मुलखात होते.

उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये बऱ्हाणपूर आणि असीरगड निजामाने पेशव्यांना दिले. १७६३ मध्ये रावेर आणि सावदाही पेशव्यांकडे आले. आता वाटप बघा. सावदा गेलं सरदार रास्त्यांकडे. रावेर होळकरांच्या दिवाणाच्या घराण्याकडे. आणि १७७८ मध्ये बऱ्हाणपूर महादजी शिंद्यांकडे.

तेव्हा कुणालाही यात विशेष वाटलं नसणार, सगळी मराठी राज्याचीच माणसं. पण १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि रावेर-सावद्यासह खानदेश इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात गेला. शिंदे संस्थानिक म्हणून टिकले, म्हणून बऱ्हाणपूरही त्यांच्याकडे टिकलं. ते इंग्रजांना मिळालं १८६० च्या सुमारास, आणि तोवर मुंबई इलाख्याचा खानदेश जिल्हा धुळ्याहून चालू लागला होता. बऱ्हाणपूर मग निमाड जिल्ह्याला, म्हणजे मध्य प्रांताला जोडलं गेलं. राज्याची सीमा पडली ती अशी. तिचा पाया शिंद्यांच्या सरंजामाची हद्द.

पुढे १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या मध्य प्रदेशातले विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले. निमाड त्या यादीत नव्हता, त्यामुळे बऱ्हाणपूर तिकडेच राहिलं. १९६० मध्ये पूर्व खानदेशचा जळगाव झाला. सरकारी जिल्ह्यांच्या यादीतून ‘खानदेश’ हा शब्दच गेला. बऱ्हाणपूर २००३ मध्ये खंडव्यापासून वेगळं होऊन स्वतंत्र जिल्हा झालं.

एक नेहमीचा घोळ इथेच निस्तरू. थोरल्या बाजीरावांचं निधन १७४० मध्ये झालं ते रावेरखेडीला, नर्मदेच्या काठी, आजच्या खरगोन जिल्ह्यात. आपल्या रावेरचा त्याच्याशी संबंध नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो मजकूर पुढे पाठवू नका.

सीमेला न जुमानणारं पाणी

सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोटे, वाळू आणि मातीचा जाड थर आहे. भूगोलात याला बझाडा म्हणतात. डोंगरावरचं पाणी या थरात झिरपतं आणि जमिनीखालून तापीकडे सरकतं. बऱ्हाणपूरपासून रावेर, यावल, चोपड्यापर्यंत हा पट्टा सलग आहे.

१६१५ मध्ये अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात इराणी तज्ज्ञाने याचाच उपयोग करून बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा बांधला. डोंगराकडून शहराकडे हलक्या उताराचा भुयारी मार्ग आणि वर शंभराहून अधिक कुंड्या. पंप नाही, मोट नाही, पाणी नुसत्या उतारावर शहरात येतं. अभियांत्रिकी शिकताना पाइपलाइनचे उतार काढून डोकं दुखलेल्या कुणीही ते एकदा आत उतरून पाहावं. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत त्याचं नाव आलं.

रावेर-यावलची केळी याच थरातलं पाणी पिते. फरक इतकाच, की इथे ते विजेच्या पंपाने उपसलं जातं आणि विंधन विहिरी दरवर्षी आणखी खोल न्याव्या लागतात. तापीचं पुराचं पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याला आणून या थरात मुरवायचं, अशी तापी महाकाय पुनर्भरण योजना कित्येक वर्षं चर्चेत आहे. पाणी अडवायचं मध्य प्रदेशात, मुरवायचं दोन्ही राज्यांत, त्यामुळे एकट्या मुंबईला किंवा एकट्या भोपाळला ती करता येत नव्हती. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये दोन्ही राज्यांनी त्यासाठी सामंजस्य करार केला. धरणाची नियोजित जागा खंडवा जिल्ह्यात आहे. तिथून निघणारे कालवे सातपुड्याच्या कडेकडेने बऱ्हाणपूर ओलांडून रावेर तालुक्याच्या दिशेने यायचे आहेत.