विहिरीतून वर आलेला दगड

माझ्या धाकट्या दिरांनी गेल्या उन्हाळ्यात जुन्नरजवळच्या शेतात विहीर घेतली. चाळीस फुटांवर कातळ लागला, सुरुंग उडवला आणि वर आलेल्या डबरात नारळाएवढा एक पोकळ दगड निघाला. आत फिकट गुलाबी पात्यांचे झुबके, त्यांवर काचेसारखे चार-पाच खडे.

"वहिनी, हिरे आहेत का हो?"

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे असे दगड माझ्याकडे येतातच. हिरे नव्हते, हे दिसतच होतं. पण नुसतं 'नाही' म्हणून पाठवायचं मला जिवावर येतं. मी घरातली सुरी घेतली आणि एका खड्याच्या कडेला हळूच ओढली. ओरखडा उठला. गारगोटी असती तर सुरीच हरली असती. फ्रीडरिश मोस यांनी 1812 मध्ये खनिजांचा कठीणपणा दहा पायऱ्यांत बसवला. त्यात हिरा दहावा, गारगोटी सातवी, सुरीचं पोलाद साधारण साडेपाच. मग लिंबू पिळलं. कॅल्साइट असतं तर बुडबुडे आले असते. इथे काहीच झालं नाही.

खरी ओळख आकारानं पटवली. गुलाबी पाती कंबरेत बांधलेल्या पेंढीसारखी दोन्ही टोकांना पसरलेली आणि अंगावर मोत्याची झाक: ते स्टिल्बाइट. चौकोनी, टोकदार खडे अपोफिलाइटचे.

स्टिल्बाइट हे झिओलाइट गटातलं खनिज. स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी 1756 मध्ये असं खनिज तापवलं तेव्हा ते फसफसलं, कारण त्याच्या आत पाणी असतं. म्हणून ग्रीक शब्दांवरून 'उकळणारा दगड' असं नाव पडलं. आपला काळा पाषाण साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्यानं त्या पोकळ्यांत ही फुलं घडवली. वाघोलीच्या खाणींत तर निळंशार कॅव्हन्साइट सापडतं.

काळा, जड दगड लोहचुंबकाला ओढतो म्हणून उल्का समजून आणणारेही बरेच. पण आपल्या कातळातच मॅग्नेटाइट असतं. दोऱ्याला टांगलेलं चुंबक त्याच्याकडे किंचित झुकतंच. उल्केवर सहसा वितळून बनलेली पातळ काळी साल असते आणि अंगात बुडबुड्यांची भोकं बहुधा नसतात. जाळीदार दगड आणला की मी आधी ती भोकंच दाखवते.

दिरांना एवढंच म्हटलं, "भाऊजी, घासूनपुसून चकाकवू नका." ब्रशनं पाती मोडतात आणि जागा विसरली की दगडाची अर्धी ओळख जाते. मी चिठ्ठी लिहिली: विहीर, चाळीस फूट, काळा कातळ, तारीख. दगड कापसात गुंडाळला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा डबर उपसायला गेले, या वेळी हातात कुदळ नव्हती, धान्याची पाटी होती.