नकाराचे अर्थशास्त्र : निकृष्ट कामाची मागणी आणि घरातील वायरिंग

कामाच्या दर्जाविषयी अर्थशास्त्रात जी चर्चा होते तिच्यात विक्रेता हा फसविणारा आणि ग्राहक हा फसणारा, असे सामान्यतः गृहीत धरलेले असते. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे जे विवेचन केले त्यात गाडीतील दोष विकणाऱ्यास ठाऊक असतो, घेणाऱ्यास नसतो. परिणामी चांगल्या गाड्या बाजारातून निघून जाऊ लागतात. मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये आणखी एका प्रकाराकडे लक्ष वेधले. काही सेवांचा दर्जा ती सेवा घेऊन झाल्यावरही ग्राहकाला कळत नाही. त्याला केवळ विश्वासावर पैसे मोजावे लागतात. कारागिरांच्या व्यवहारात मात्र याहून निराळा प्रसंग वारंवार उद्भवतो. तेथे काम कमी प्रतीचे व्हावे असा आग्रह स्वतः ग्राहकच धरतो, आणि त्यातील धोका जाणणारा कारागीर ते काम घ्यावे की नाकारावे अशा पेचात सापडतो. ह्या पेचाचे स्वरूप घरातील वायरिंगच्या उदाहरणावरून तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम तांत्रिक बाजू पाहू. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्ट दाबावर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या बोर्डापर्यंत प्रवाह नेणारी व परत आणणारी अशा दोन तारा ओढल्या की पाणी तापते. तिसरी तार अर्थिंगची. ती नसली तरीही पाणी तितकेच तापते, आणि ग्राहकाच्या आग्रहाचे मूळ नेमके येथेच आहे. जी तार रोजच्या वापरात काहीच करीत नाही तिच्यासाठी पैसे का मोजावेत, असे त्याला वाटते. पुढे एखाद्या दिवशी गिझरच्या आतील निरोधक आवरण निकामी होऊन धातूच्या बाह्य भागात वीज उतरते. अर्थिंग नीट असल्यास त्या तारेतून मोठा प्रवाह वाहून फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. अर्थिंग नसल्यास तसे काहीच घडत नाही. गिझर चालू राहतो आणि त्याला ओल्या हाताने स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातून वीज जमिनीकडे जाते. माणसाचा प्राण घेण्यास एका अँपिअरचे काही शतांश पुरे होतात. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याची दखलही घेता येत नाही, कारण त्याची योजना तारेच्या रक्षणासाठी असते, माणसाच्या नव्हे. माणसाच्या रक्षणासाठी सामान्यतः ३० मिलिअँपिअर गळतीवर प्रवाह तोडणारी आरसीसीबी बसवितात. परंतु खर्च कमी करावयाचा म्हटला की यादीतून प्रथम तिच्यावरच काट मारली जाते.

याहून घातक अशी एक युक्ती आहे. अर्थिंगची स्वतंत्र तार न ओढता सॉकेटमध्येच तिची जागा न्यूट्रलला जोडून देतात. तपासणीच्या दिव्याला अर्थिंग असल्याचा भास होतो व ग्राहकही संतुष्ट होतो. परंतु मागे कोठे न्यूट्रल तुटला, तर यंत्रात कोणताही बिघाड नसताना त्याच्या बाह्य भागावर वीज येते.

ह्या उदाहरणावरून दर्जातील दोन प्रकारच्या तडजोडींत भेद करता येतो. बटणे साध्या प्रतीची घ्यावीत, पट्ट्या भिंतीवरून उघड्या न्याव्यात, दिव्यांची संख्या कमी करावी, ह्या तडजोडी डोळ्यांना दिसतात, नंतर सुधारता येतात आणि त्यांची गैरसोय मागणी करणाऱ्यालाच सोसावी लागते. त्या स्वीकारण्यात कारागिराचा कोणताही दोष नाही. ग्राहकाच्या ऐपतीचा मान राखणे हा व्यवसायधर्मच होय. याउलट अर्थिंग गाळणे किंवा बारीक तार वापरणे ही तडजोड गिलाव्याखाली झाकली जाते, भिंत फोडल्याविना सुधारता येत नाही आणि तिचे फळ भाडेकरू, घरकामाला येणारी बाई, लहान मूल किंवा उद्या ते घर विकत घेणारा यांपैकी कोणालाही भोगावे लागते. कारागीर आणि ग्राहक यांच्या करारात ह्यांपैकी कोणीच पक्षकार नसतो. म्हणूनच ‘काही झाले तर जबाबदारी माझी, तसे लिहून देतो’ ह्या ग्राहकाच्या आश्वासनाला फारसा अर्थ उरत नाही. इतरांच्या जिवाबद्दलची संमती तो देऊ शकत नाही. शिवाय १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम २३ नुसार ज्या कराराचा उद्देश कायद्याने निषिद्ध असेल तो करार रद्दबातल ठरतो.

येथे एक शंका उपस्थित होते. एकाने नकार दिला तरी दुसरा कारागीर ते काम घेणारच. मग नकार देऊन साधले काय? ही शंका उडवून लावण्याजोगी नाही. नकार देणारा आपली मजुरी गमावतो, कित्येकदा पुढची ओळखही गमावतो, आणि भिंतीतील धोका मात्र तसाच राहतो. इतकेच नव्हे, तर काळजीपूर्वक काम करणारे एकेक करून बाजूला सरले म्हणजे अशा ग्राहकांची कामे बेफिकीर कारागिरांच्या हाती एकवटतात. ॲकरलॉफ यांनी वर्णिलेली निवड येथे उलट्या दिशेने घडून येते. नकार देण्याची शक्तीही सर्वांपाशी सारखी नसते. हाती चार कामे असलेल्या कंत्राटदारास एक काम सोडणे परवडते. रोजावर राबणाऱ्या वायरमनला ते परवडत नाही, आणि सांगितलेले काम नाकारल्यास त्याचा रोजच बुडतो.

तात्पर्य, नकाराचे मोल तो किती जण देतात यावर अवलंबून असते. परवान्याच्या पद्धतीचा अर्थ ह्या दृष्टीने लावला पाहिजे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाने दिवे, पंखे, फ्यूज, बटणे बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच आणि प्रमाणपत्रधारक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे असे बंधन घातले. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या विनियमांतही हे तत्त्व टिकून आहे. परवाना म्हणजे केवळ कौशल्याची पावती, असे आपाततः वाटते. वस्तुतः तो कारागिराला नकारासाठी आधार देतो. ‘मी करणार नाही’ असे म्हणणाऱ्यास ग्राहक दुसरा माणूस दाखवू शकतो. ‘यावर कोणीच सही करणार नाही’ ह्या उत्तरापुढे त्याचा उपाय चालत नाही. अर्थात जेथे हात एकाचा आणि सही दुसऱ्याची असा व्यवहार चालतो, तेथे हा आधार नाहीसा होतो आणि सर्व भार पुन्हा एकट्या कारागिराच्या विवेकावर येऊन पडतो.

अशा स्थितीत एकट्या कारागिराला स्वीकार आणि नकार एवढेच दोन मार्ग असतात असे नाही. मागणी करणारा ग्राहक बहुधा दुष्ट नसतो. काय गमावले जात आहे हे न दिसल्यामुळे तो बचत पाहतो. त्याला अर्थिंगचे कार्य दोन वाक्यांत सांगितले आणि कामाचा कस न घटविता आवाका घटविण्याचा पर्याय पुढे ठेवला, म्हणजे आज दोनच खोल्यांचे वायरिंग पुरे करावे, शोभेचे दिवे पुढील वर्षी लावावेत असे सुचविले, तर खर्च आटोक्यात येतो आणि धोकाही टळतो. हे करूनही आग्रह कायम राहिल्यास नकाराला पर्याय नाही. मात्र तो नकार कारण सांगून दिलेला असावा. काम दुसऱ्याकडे गेले तरी ते कारण ग्राहकासोबत जाते, आणि भिंत बुजविण्यापूर्वी ‘अर्थिंगची तार कोठे आहे?’ असे विचारण्याइतके ज्ञान त्याच्यापाशी उरते. डार्बी आणि कार्नी यांनी ज्या अज्ञानाकडे बोट दाखविले ते दूर करण्याचे सामर्थ्य ह्या व्यवहारात कारागिराइतके दुसऱ्या कोणापाशी नाही. कारागिराच्या नकाराचा अभ्यास करताना त्याच्या नीतिमत्तेबरोबरच हे माहितीचे कार्य आणि त्यामागील परवान्याचे बळ यांचाही विचार होणे अगत्याचे आहे.