डोरी आली, म्हणून मासे गेले का?

२०१६ सालचा जून महिना. शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि सातवीच्या वर्गात एकच विषय होता, 'फाइंडिंग डोरी'. त्याआधीचा 'फाइंडिंग नेमो' हा चित्रपट २००३ सालचा, म्हणजे या मुलांच्या जन्माच्याही थोडा आधीचा. पण घरी टीव्हीवर तो बहुतेकांनी दोन-चारदा पाहिलेला. हरवलेल्या नेमोला शोधत निघालेला त्याचा बाबा आणि त्याच्याबरोबर ती निळी, विसरभोळी डोरी. आता त्या डोरीचीच गोष्ट येणार म्हणून मुलं दिवस मोजत होती.

मुलं इतकी उत्सुक आहेत, तर त्यातून काही शिकवून घ्यावं असं माझ्यातल्या विज्ञान शिक्षकाला वाटलं. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून एक इशारा वारंवार छापून येत होता. नेमो आल्यावर विदूषक माशांची मागणी कित्येक पटींनी वाढली, समुद्रातून ते ओरबाडले गेले. आता डोरीच्या जातीच्या माशांवर तीच वेळ येणार. आम्ही लगेच भित्तिपत्रक केलं. मथळा होता, 'डोरीला घरी आणू नका!' चित्रं सुरेख होती. मजकूर माझा होता.

दिवाळीनंतर एका मुलीनं विचारलं, "सर, मग मासे खरंच कमी झाले का?"

मी म्हटलं, "झाले असतील."

"असतील म्हणजे?"

या 'असतील म्हणजे?'चं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते मिळायला तीन वर्षं लागली. मिळालं तेव्हा लक्षात आलं, की भित्तिपत्रकातलं एक वाक्य बरोबर होतं, एक अर्धवट होतं आणि एक मी न तपासताच लिहिलं होतं.

दोन मासे, दोन संसार

आधी बरोबर होतं ते पाहू. नेमो आणि डोरी पडद्यावर एकत्र फिरतात, पण त्यांचं जीवनचक्र अगदी वेगळं आहे. म्हणूनच मागणी सारखीच वाढली, तरी तिचे परिणाम सारखे होणार नाहीत.

नेमो हा विदूषक मासा. तो समुद्रफुलाच्या आश्रयानं राहतो. आपल्या देशात लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळ खडकांवर विदूषक माशांच्या जाती आढळतात. मादी समुद्रफुलाच्या बुडाशी, खडकावर अंडी चिकटवते. आठवडा-दहा दिवस नर ती राखतो, परांनी त्यांच्यावर पाणी खेळवतो. अंडी एका जागी, राखणदार हजर, पिल्लं त्यातल्या त्यात मोठी. त्यामुळे हे मासे टाकीत वाढवता येतात. नेमो पडद्यावर यायच्या कितीतरी आधीपासून त्यांची अशी पैदास होत होती. म्हणजे मागणी वाढली तर ती काही प्रमाणात तरी टाकीत जन्मलेल्या माशांवर भागू शकते.

डोरी ही 'ब्लू टँग' जातीची. शास्त्रीय नाव पॅराकँथुरस हेपेटस. हे मासे घरटं करत नाहीत. नर-माद्या एकत्र येऊन अंडी आणि शुक्रपेशी उघड्या पाण्यात सोडतात. फलित अंडी तरंगत जातात. त्यातून निघणारी पिल्लं इतकी बारीक असतात, की त्यांच्या तोंडात मावेल असा जिवंत खाऊ पुरवणं हीच मोठी अडचण होते. २०१६ च्या जूनपर्यंत या जातीची पिल्लं बंदिस्त पाण्यात वाढवण्यात कोणालाही यश आलं नव्हतं. दुकानातला प्रत्येक ब्लू टँग समुद्रातूनच पकडून आणलेला असे. चित्रपट लागल्यानंतरच्या महिन्यात, जुलै २०१६ मध्ये, अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी ही पिल्लं प्रयोगशाळेत वाढवल्याचं जाहीर केलं. पण प्रयोगशाळेत एकदा जमणं वेगळं आणि दुकानांना पुरवठा होणं वेगळं.

पकडण्याच्या पद्धतीचाही प्रश्न होता. फिलिपाइन्स आणि इंडोनेशियाच्या समुद्रात शोभेचे मासे पकडताना काही ठिकाणी सोडियम सायनाइडचं द्रावण प्रवाळांच्या फटीत मारलं जातं. मासा गुंगतो, हाती लागतो. पण त्या विषानं इतर जीव आणि प्रवाळही मरतात. शिवाय ब्लू टँग सुमारे तीस सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे फूटपट्टीएवढा वाढतो. दिवाणखान्यातली छोटी पेटी त्याला पुरत नाही. तेव्हा 'डोरीला घरी आणू नका' हा सल्ला चुकीचा नव्हता. चित्रपट येवो न येवो, तो सल्ला खराच होता.

'नंतर' म्हणजे 'त्यामुळे' नव्हे

चूक पुढच्या वाक्यात होती. 'नेमोमुळे मासे संपू लागले.' हे मी कशावरून लिहिलं? वर्तमानपत्रावरून. वर्तमानपत्रानं कशावरून लिहिलं? दुसऱ्या वर्तमानपत्रावरून.

आपल्याकडे दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि पाठोपाठ पाऊस येतो. म्हणून शाळेची घंटा पाऊस आणते असं कोणी म्हणत नाही, कारण पावसाची कारणं आपल्याला ठाऊक असतात. जिथं कारणं ठाऊक नसतात, तिथं मात्र 'नंतर' घडलेलं 'त्यामुळे' घडलं असं आपण चटकन मानतो. गोष्ट मनाला पटणारी असेल तर आणखीच चटकन. मुलांना नेमो आवडला, मुलांनी हट्ट केला, पालकांनी मासा आणला. साखळीतली प्रत्येक कडी शक्य कोटीतली आहे. पण शक्य असणं म्हणजे घडलेलं असणं नव्हे.

अशा दाव्याला तीन गोष्टी लागतात. पहिली, चित्रपटाच्या आधीची नोंद. दुसरी, नंतरची नोंद. तिसरी, आणि सगळ्यांत जास्त विसरली जाणारी, म्हणजे तुलना: चित्रपट आलाच नसता तर काय झालं असतं? समजा माशांची विक्री दर वर्षी थोडी थोडी वाढतच होती. मग चित्रपटाच्या वर्षी ती वाढली तर त्यात चित्रपटाचा वाटा किती?

मिलिट्झ आणि फोल या दोन अभ्यासकांनी २०१७ साली नेमोविषयीचे दावे आणि उपलब्ध आकडे तपासले. समुद्रातून पकडल्या जाणाऱ्या माशांच्या संख्येत नेमोमुळे मोठी उसळी आली, या समजाला ठोस पुराव्याचा आधार नाही असं त्यांना आढळलं. विदूषक मासा हौशी लोकांत आधीपासूनच आवडता होता, हेही विसरून चालत नाही.

डोरीच्या बाबतीत तर संशोधकांना चांगली संधी होती. चित्रपटाची तारीख आधीच ठाऊक होती: अमेरिकेत १७ जून २०१६. व्हेरिसिमो, अँडरसन आणि ट्लुस्टी यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी तीन गोष्टी पाहिल्या: इंटरनेटवर ब्लू टँगचा शोध किती घेतला गेला, अमेरिकेतल्या एका मोठ्या आयातदाराकडे हे मासे किती आले आणि तिथल्या मत्स्यालयांना किती लोकांनी भेट दिली. चित्रपट लागल्यावर दोन-तीन आठवड्यांनी इंटरनेटवरचा शोध वाढलेला दिसला. आयात मात्र चित्रपटामुळे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. मत्स्यालयांतली गर्दी वाढल्याचाही मिळाला नाही.

म्हणजे मुलांनी चित्रपट पाहिला, 'हा मासा कोणता?' असं विचारलं आणि बहुतेकांचं कुतूहल तिथंच शमलं. आम्ही शिक्षक ज्याला 'जिज्ञासा' म्हणतो तेच तर हे होतं! त्या वर्षी आम्ही त्याच्याकडे धोका म्हणून पाहत होतो.

मग चित्रपटांचा परिणामच होत नाही का?

इथं घाईनं दुसऱ्या टोकाला जाऊ नये. कुत्र्यांची गोष्ट वेगळी आहे. 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स' हा १९६१ चा ॲनिमेशनपट १९८५ साली पुन्हा प्रदर्शित झाला. अमेरिकन केनेल क्लबकडे त्या वर्षी सुमारे आठ हजार डाल्मेशियन पिल्लांची नोंद झाली होती. १९९३ साली हा आकडा बेचाळीस हजारांवर गेला. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढायचा नाही हे खरं, पण घिरलांडा, अकर्बी आणि हर्झोग यांनी २०१४ साली कुत्रे असलेल्या अनेक चित्रपटांचा एकत्र अभ्यास केला. काही चित्रपटांनंतर त्या जातीची लोकप्रियता वाढली आणि तो परिणाम दहा वर्षांपर्यंतही टिकला, असं त्यात दिसलं.

कुत्र्याचं झालं ते माशाचं का झालं नाही? याचं पक्कं उत्तर देता येणार नाही, पण तर्क करता येतो. कुत्रा आणणं त्या मानानं सोपं. समुद्री मासा पाळायचा तर खाऱ्या पाण्याची मोठी टाकी, गाळणी, क्षारांचं मोजमाप, सगळा खर्चिक खटाटोप. इच्छा आणि कृती यांच्यामधलं अंतर जितकं मोठं, तितकी इच्छा वाटेत विरते.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. घुबडांच्या चोरट्या व्यापाराबद्दल बोलताना २०१० साली तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी हॅरी पॉटरच्या गोष्टींकडे बोट दाखवलं होतं. पण त्याच वर्षी भारतातल्या घुबडांच्या व्यापारावर 'ट्रॅफिक इंडिया'चा जो अहवाल आला, त्यात काळी जादू आणि बळी यांसाठी होणारा वापर हे ठळक कारण होतं. घुबड पकडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. दूरच्या गोष्टीतल्या जादूगाराला दोष देणं सोपं असतं. दिवाळीच्या रात्रीची आपल्या शेजारची अंधश्रद्धा नाकारणं अवघड असतं. चुकीचं कारण धरलं की उपायही चुकीच्या ठिकाणी होतो. विज्ञानात पुराव्याचा एवढा आग्रह असतो तो यासाठीच.

वर्गातली कबुली

डोरीचा अभ्यास वाचनात आला तेव्हा ती सातवीतली मुलं दहावीत पोचली होती. एका मोकळ्या तासाला मी त्यांना सगळं सांगितलं. एकजण म्हणाला, "म्हणजे सर, आपण भिंतीवर खोटं लिहिलं होतं?"

मी म्हटलं, "खोटं म्हणजे जाणूनबुजून चुकीचं सांगणं. आपण न तपासता सांगितलं. ते खोट्याइतकं वाईट नाही, पण चांगलंही नाही."

तीन वर्षांपूर्वी प्रश्न विचारणारी ती मुलगी मात्र नव्या अभ्यासावरही समाधानी नव्हती. "सर, त्यांनी एकाच आयातदाराचे आकडे पाहिले ना? आणि फक्त अमेरिकेचे? दुसऱ्या देशात वाढ झाली असेल तर?" तिचं म्हणणं योग्य होतं. पुरावा मिळाला नाही याचा अर्थ घडलंच नाही असा होत नाही. जिथं पाहिलं तिथं दिसलं नाही, एवढाच होतो. आणखी एकानं विचारलं, "सगळ्यांनी आधीच इशारा दिला म्हणून लोकांनी मासे घेतले नसतील तर?" हेही शक्य आहे. या अभ्यासावरून ते ठरवता येत नाही. त्या तासाला मी शिकवलं थोडं, शिकलो जास्त.

करून पहा

मुलं वाट पाहत असलेला एखादा नवा ॲनिमेशनपट येणारच असतो. त्याचा असा उपयोग करता येईल.

१. चित्रपट लागण्यापूर्वी मुलांना अंदाज लिहायला सांगा: चित्रपटानंतर वर्गात काय बदलेल? कोणत्या प्राण्याची चित्रं जास्त काढली जातील? कोणाचं नाव जास्त येईल? अंदाज पाकिटात बंद करून तारीख घाला. मागाहून 'मला वाटलंच होतं' म्हणायची सोय राहत नाही.

२. 'आवडते पाच प्राणी लिहा' असा एक साधा प्रश्न आधी दोनदा विचारा, आठवड्याच्या अंतरानं. चित्रपट नसतानाही उत्तरं किती बदलतात ते कळेल.

३. चित्रपटानंतर एका आठवड्यानं, एका महिन्यानं आणि तीन महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारा. चित्रपट पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या मुलांची उत्तरं वेगळी मांडा. तुलनेसाठी चित्रपटात नसलेल्या एका प्राण्याचीही नोंद ठेवा.

४. शेवटी पाकीट उघडा. अंदाज चुकला तर गुण कापू नका. का चुकला, यावर चर्चा करा.

आमचं ते जुनं भित्तिपत्रक अजून कपाटात आहे. मथळा तसाच ठेवला आहे, कारण तो सल्ला आजही योग्य वाटतो. खालच्या वाक्यावर मात्र दहावीच्या त्या मुलांनी लाल शाईनं एक खूण केली आहे: 'कशावरून?'