एनीकटखालचे पाणी

पाठीवरच्या पिशवीत मावणारी, दोन-तीन किलो वजनाची, काही मिनिटांत हवा भरून पाण्यात सोडता येणारी एकट्या माणसाची होडी म्हणजे पॅकराफ्ट. १९८२ साली अलास्कातल्या एका रानोमाळ शर्यतीत डिक ग्रिफिथ यांनी नदीकाठी पोचल्यावर पिशवीतून अशी होडी काढली आणि त्यांच्याहून कितीतरी तरुण स्पर्धक पाहत राहिले. चालणे आणि वल्हवणे एकाच प्रवासात जोडण्याची ही रीत त्यानंतर जगभर पसरली. छत्तीसगडच्या भूगोलाला ती फार जुळते. सिहावाच्या डोंगरात उगम पावणारी महानदी, राजिमला तिला मिळणारी पैरी, बस्तरचे पठार कापत गोदावरीकडे जाणारी इंद्रावती, या नद्यांच्या काठाने जंगलातून चालत जावे आणि पाणी मिळेल तिथे होडीत बसावे, असे मार्ग इथे भरपूर आहेत. पण या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांच्या मनात भीती असते ती धबधब्यांची, भोवऱ्यांची, मगरींची. माझ्या मते इथल्या नद्यांवरचा सर्वांत फसवा धोका माणसानेच बांधलेला आहे, आणि तो म्हणजे एनीकट.

एनीकट ही नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत घातलेली, पुरुष-दोन पुरुष उंचीची भिंत. पाणी अडते, उरलेले माथ्यावरून सांडते. दोन मीटरवरून घसरणारे पाणी पायथ्याशी पोचेपर्यंत ताशी वीस किलोमीटरहून अधिक वेग घेते. पुढे नदीचे खोल, संथ पाणी असते. वेगवान पातळ धार त्या संथ पाण्याला भिडते तिथे पाणी उसळी घेते आणि आपली बरीचशी ऊर्जा खळबळीत घालवते. प्रवाह कमी असताना ही उसळी भिंतीपासून दूर, उघड्यावर दिसते. पाऊस वाढला की खालच्या बाजूची पातळी चढते, उसळी मागे सरकते आणि अखेर भिंतीच्या पायथ्याशीच बुडून जाते. आता सांडणारी धार तळाशी सूर मारते आणि तिच्या वरचे पाणी उलटे, भिंतीच्या दिशेने वाहू लागते. त्यात सापडलेली वस्तू भिंतीकडे ओढली जाते, धारेखाली दाबली जाते, थोडी पुढे वर येते आणि पुन्हा मागे खेचली जाते. टोरांटो विद्यापीठातल्या लॉयथॉयसर आणि बर्क यांनी १९९१ साली याच बुडालेल्या उसळीचा अभ्यास मांडला. यातली मेख अशी की धोका वाढतो तेव्हा एनीकट अधिक निरुपद्रवी दिसतो. वरच्या आणि खालच्या पातळीतला फरक घटलेला असतो, आवाज मंदावलेला असतो आणि काठावरून पाहणाऱ्याला एक छोटीशी पायरी तेवढी दिसते.

नैसर्गिक उतारावर खडक वेडेवाकडे असतात, म्हणून उलटा प्रवाह सलग राहत नाही. कुठे फट असते, कुठे जोरदार जिभेसारखी धार बाहेर काढून देते. एनीकटची धार इकडून तिकडे एकसारखी असल्याने बाजूला निसटायला जागाच उरत नाही. चित्रकोटचा प्रपात सुमारे तीस मीटर उंच आहे, पण त्याची गर्जना आणि उडणारे तुषार दुरूनच सावध करतात. उलट पॅकराफ्टमध्ये बसलेल्याची नजर पाण्याच्या जेमतेम हातभर वर असते. त्याला समोर एक सरळ आडवी रेघ दिसते, तिच्या पलीकडचे काहीच दिसत नाही. महाराष्ट्रात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यात काढून घेतात, त्यामुळे पाण्याला खांबांमधून वाट मिळते. तिथे खांबांवर आपटण्याचा, अडकण्याचा धोका राहतोच, तरी त्याची जात वेगळी. एनीकटची भिंत कायमची. शिवाय छत्तीसगडचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, उन्हाळ्यात खारूनसारख्या नदीची धार बारीक होते. म्हणजे होडी घालण्याजोगे पाणी असते त्याच महिन्यांत एनीकटही ओसंडत असतात.

लाइफ जॅकेट असले की झाले, असे यावर म्हटले जाते. जॅकेट घालायलाच हवे, त्यात वाद नाही. पण तरंगण्याचा जोर पाण्याच्या घनतेवर अवलंबून असतो. फेसाळ पाण्यात एक तृतीयांश हवा मिसळलेली असेल, तर तो जोरही एक तृतीयांशाने घटतो, आणि खाली दाबणारी धार थांबत नाही ती नाहीच. मोटारबोटीने बाहेर काढता येईल, हा दुसरा भरवसा. १९७५ साली अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन इथे सस्क्वेहाना नदीवरच्या एका बुटक्या बंधाऱ्याखाली बचावासाठी गेलेल्या बोटी उलटल्या आणि अग्निशमन दलाचे जवान मृत्युमुखी पडले.

मग एनीकट काढून टाकावेत का? तसे म्हणणे इथल्या लोकांवर अन्याय करणारे ठरेल. रायपूरला पिण्याचे पाणी खारूनवरच्या भाटागाव एनीकटमधून मिळते. शेतीला, विहिरींच्या पातळीला या भिंतींचा आधार आहे. बदलायला हवा तो भिंतीचा खालचा उतार. इलिनॉयमधल्या यॉर्कव्हिल इथे फॉक्स नदीवरच्या बंधाऱ्याला खालच्या अंगाने पायऱ्या बांधल्या. पाणी टप्प्याटप्प्याने ऊर्जा सोडत उतरते आणि उलटा प्रवाह मोडतो. असे बांधकाम होईपर्यंत वरच्या बाजूला, प्रवाह अजून संथ आहे तिथे, ठळक फलक हवेत आणि काठाने पुढे जायची मोकळी पायवाट हवी. पॅकराफ्टवाल्याला तर सबबच नाही: त्याची होडी खांद्यावर घेऊन भिंतीला वळसा घालायला मोजकी मिनिटे लागतात. पण या उपायांची खरी गरज हौशी वल्हेकऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त लोकांना आहे. एनीकटखाली जाळे टाकणारे मच्छीमार आहेत, आंघोळीला उतरणारी मुले आहेत, आणि माथ्यावरून पाणी वाहत असतानाही त्याच भिंतीचा बुटक्या पुलासारखा वापर करून पलीकडच्या गावाला जाणारी माणसे आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्याही अंगावर लाइफ जॅकेट नसते.