जुनी फोर बाय फोर : पैसे नेमके कशाचे मोजायचे?

मोटार विम्याच्या कागदावर आयडीव्ही नावाचा एक आकडा असतो. गाडी सहा महिन्यांच्या आतली असेल तर तिच्या किमतीतून ५ टक्के घसारा वजा करायचा, वर्षाच्या आतली असेल तर १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के, अशी त्याची रूढ रीत आहे. पाचव्या वर्षानंतर हा तक्ता संपतो. पुढची किंमत विमा कंपनीने आणि मालकाने आपसात ठरवायची असते. पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या मारुती जिप्सीचा, महिंद्राच्या एमएम ५४० किंवा ५५० जीपचा, २०१० मध्ये आलेल्या पहिल्या थारचा किंवा टाटा सफारीच्या फोर बाय फोरचा सगळा बाजार या तक्त्याच्या पलीकडचा आहे. तिथे वयावरून किंमत निघत नाही. एकाच वर्षी कारखान्यातून निघालेल्या दोन जिप्सींपैकी एक आणखी दहा वर्षे घाट चढेल आणि दुसरी भंगाराच्या दरानेही महाग पडेल, हे या बाजारात नित्याचे आहे. तरीही बहुतेक सौदे ‘सध्या काय भाव चाललाय’ एवढ्या एका प्रश्नावर होतात. हा प्रश्नच अपुरा आहे, असे माझे म्हणणे आहे. जे पुन्हा विकत घेता येत नाही त्याचे पैसे मोजावेत, आणि जे बाजारात पुन्हा मिळते त्याचा खर्च किमतीतून वजा करावा. प्रत्यक्षात खरेदीदार नेमके याच्या उलट वागतो.

उलट कसे, ते पाहू. जुन्या जीपची किंमत चढवतात त्या गोष्टी म्हणजे चकचकीत रंग, नवे रुंद टायर, पुढच्या बंपरवरचा विंच, एलईडी दिवे, नवी सीट कव्हरे आणि म्युझिक सिस्टीम. यातली प्रत्येक गोष्ट पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात किंवा नाशकात पैसे टाकून आठवड्याभरात बसवून मिळते. जी पैसे टाकूनही मिळत नाहीत ती तीनच आहेत : निर्वेध कागद, न सडलेली चेसिस आणि कारखान्यातून आलेली मूळ फोर बाय फोर यंत्रणा. जमीन घेताना आपण उभ्या पिकाकडे नंतर पाहतो, आधी सातबारा मागतो. जुन्या गाडीच्या बाबतीत मात्र पीक पाहूनच विसार दिला जातो.

सुरुवात कागदांपासून करावी लागते, कारण कागदातला दोष कोणत्याही गॅरेजात दुरुस्त होत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. पुढे गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. २० वर्षांपेक्षा जुन्या हलक्या मोटारींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात त्यात पर्यावरण कराची भर पडते. म्हणजे २००८ मध्ये नोंदलेल्या जिप्सीचे २०२३ मध्ये नूतनीकरण झाले असेल, तर तिचे आरसी २०२८ पर्यंत चालेल आणि पुढच्या वेळी नवा मालक वाढीव शुल्काच्या टप्प्यात असेल. नूतनीकरण न करता पडून राहिलेली तशीच दुसरी गाडी दिसायला सारखी असली, तरी तिच्या खरेदीदाराला शुल्क, दंड आणि पासिंगसाठी लागणारी सगळी कामे अंगावर घ्यावी लागतात. दोघींची किंमत सारखी असू शकत नाही.

कागदांतला दुसरा धोका नावाचा. जुन्या जीपगाड्या अनेकदा सह्या केलेल्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर तीन-चार हातांतून फिरलेल्या असतात. आरसीवर मात्र पहिल्याच मालकाचे नाव असते. नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे समोरचा विक्रेता आणि आरसीवरचा मालक वेगळे असतील, तर खरेदीदार गाडीचा ताबा विकत घेत असतो, मालकी नव्हे. मालक वारला असेल तर वारसांना आधी फॉर्म ३१ वर गाडी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा आरसीवर असेल, तर कर्ज फिटले तरी फॉर्म ३५ शिवाय तो उतरत नाही. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथली नवी नोंदणी आणि वयानुसार ठरणारा महाराष्ट्राचा कर हेही आले. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून हरित लवादाचे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे निर्बंध आल्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात दिसतात. त्या स्वस्ताईचा बराच भाग या खर्चात जातो. लष्कराच्या लिलावातून आलेल्या जिप्सीचेही तसेच. लष्करी गाडीला नागरी नोंदणी नसते. लिलावातल्या विक्रीचे मूळ कागद हातात नसतील, तर रस्त्यावर चालवण्याचा हक्क न मिळालेली ती एक वस्तू आहे, आणि तिची किंमत सुट्या भागांच्या किमतीपलीकडे जाऊ नये.

कागदांनंतर चेसिस. जिप्सी, जीप आणि जुनी थार या गाड्यांचा सांगाडा शिडीसारखा असतो. दोन लांब पोकळ तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. चिखल या पोकळीत शिरतो, पाणी निघायची छिद्रे बुजतात आणि लोखंड आतून सडत जाते. मालवण-वेंगुर्ल्याची खारी हवा, किंवा गोव्यात कुळेहून दूधसागरला जाणाऱ्या जीपगाड्यांसारखे रोजचे नदीपात्र ओलांडणे, यांनी ही क्रिया झपाट्याने होते. बाहेरून रंग चांगला असला म्हणून आतला पत्रा चांगला असेलच असे नाही. पाटे जिथे चेसिसला टांगलेले असतात ती जागा, बॉडीचे माउंट आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्टांनी धरलेला असतो तो भाग, या तीन ठिकाणी छोट्या हातोडीने ठोकून पाहावे. घट्ट लोखंड खणखणते, सडलेले बद्द वाजते. बुडाशी नुकतेच काळे अंडरकोटिंग मारलेले असेल, तर तो गुण न मानता आणखी बारकाईने पाहण्याचे कारण मानावे. दाराचा किंवा फरशीचा सडका पत्रा बदलता येतो, तो खर्च मोजता येतो. चेसिसला ठिगळे मारलेली असतील, किंवा कोरलेला चेसिस नंबर खरवडलेला, जोडलेला वा अस्पष्ट असेल, तर तिथे वजाबाकीने भागत नाही. सौदाच थांबवावा.

तिसरी गोष्ट मूळ फोर बाय फोरची. या गाड्यांत चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा गरजेपुरती जोडायची असते. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये वेगाचा फरक सामावून घेणारे डिफ्रन्शिअल मध्ये नसते. म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकून वळण घेतले की गाडी अडखळते. हा दोष नव्हे, पण तिथे चाचणी घेणे म्हणजे यंत्रणेवर विनाकारण ताण टाकणे. चाचणी मोकळ्या मातीवर घ्यावी. लो गिअर गाडी थांबवून टाकावा, चढावर गिअर उडतो का, आवाज येतो का, परत टू व्हीलला येताना अडकते का, हे पाहावे. डिफ्रन्शिअलचे ऑइल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. टू व्हील ड्राइव्ह जीपला दुसरीकडचा पुढचा अॅक्सल बसवून फोर बाय फोर केलेली असेल, तर दोन्ही अॅक्सलच्या क्राउन-पिनियनचे प्रमाण जुळते का हा प्रश्न येतो. ते जुळत नसेल तर फोर बाय फोर टाकताच पुढची आणि मागची चाके एकमेकांविरुद्ध ओढतात आणि ट्रान्सफर केस झिजते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितले की कारखान्याच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जुन्या सुट्या भागांतून देखण्या जीपगाड्या बांधून मिळतात. त्यांच्यात कारागिरी आहे यात शंका नाही. पण आरसीवर लिहिलेली गाडी आणि समोर उभी असलेली गाडी एक नसेल, तर त्या कारागिरीचे मोल पासिंगच्या दिवशी किंवा विम्याच्या दाव्याच्या दिवशी शून्य होऊ शकते.

या तीन कसोट्यांवर उतरलेल्या गाडीचीच किंमत काढायला बसावे. पुढचे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावच्या फिटरकडून अंदाज घेऊन ते बदलावेत. समजा, कागद नीट, चेसिस नीट आणि लगेच कोणतेही काम नसलेली जिप्सी तुमच्या भागात ४,५०,००० रुपयांना खरोखर विकली जाते. मागितली जाणारी नव्हे, सौदा झालेली किंमत धरायची. समोरच्या गाडीचे टायर गुळगुळीत आहेत : ३०,००० वजा. पुढच्या अॅक्सलचे सील आणि बेअरिंग, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, क्लच : ३५,०००. सीट : १०,०००. बॉडीचा पत्रा आणि रंग : २५,०००. एकूण एक लाख. शिवाय जे दिसत नाही त्यासाठी किमतीच्या दहा टक्के, म्हणजे ४५,००० राखून ठेवायचे. उरतात ३,०५,०००. या गाडीला तीन लाख देणारा माणूस शहाणा सौदा करतो. शेजारची गाडी नव्या रंगाची, रुंद टायरांची, विंच लावलेली आहे, पण चेसिसवर ठिगळे आहेत आणि नोंदणी संपली आहे. तिचे चार लाख देणाऱ्याने टायर आणि रंग यांचे पैसे मोजले, गाडीचे नाही. शिवाय मूळ मापापेक्षा मोठे टायर किलोमीटरच्या काट्याला प्रत्यक्षापेक्षा कमी अंतर दाखवायला लावतात, आणि जुन्या जीपमधले पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येते. त्यामुळे ‘फक्त ६० हजार चाललीय’ या वाक्याला किमतीत स्थान देऊ नये. जुनी बिले आणि पासिंगच्या नोंदी असतील तर त्यांना द्यावे.

यावर पहिला आक्षेप येतो तो दुर्मीळतेचा. सर्वसामान्य ग्राहकांसाठीची जिप्सी २०१९ च्या सुमारास बंद झाली. ती आता बनत नाही, म्हणून मागेल ती किंमत, असे सांगितले जाते. दुर्मीळतेला किंमत असते हे खरे, पण तिला कमाल मर्यादाही असते. नवी थार ऑक्टोबर २०२० मध्ये आली. जिम्नी जून २०२३ मध्ये १२ लाख ७४ हजारांपासून पुढच्या एक्स-शोरूम किमतीला आली. या गाड्याही आता वापरलेल्यांच्या बाजारात उतरल्या आहेत, आणि त्यांच्यात एअरबॅग व एबीएस आहेत, जे जिप्सीत नाही. जुनी गाडी दुरुस्तीसह या वापरलेल्या गाड्यांच्या जवळ जाऊ लागली, की दुर्मीळतेचा युक्तिवाद तिथे थांबायला हवा. दुर्मीळ असते ती मूळ आणि जपलेली गाडी. सडलेली गाडी दुर्मीळ नसते.

दुसरा आक्षेप असा की या गाड्यांचे भाग स्वस्त, कोणताही फिटर जीप उभी करतो, मग एवढी चिकित्सा कशाला? महाराष्ट्रात हे पुष्कळ अंशी खरे आहे. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईतच विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे प्यूजोच्या रचनेची डिझेल इंजिने इगतपुरीत बनली, त्यामुळे या इंजिनांची जाण तालुक्याच्या गॅरेजपर्यंत पोचली आहे. पण हा मुद्दा माझ्या म्हणण्याला बळच देतो. जे सहज दुरुस्त होते ते किमतीतून सहज वजाही करता येते. आणि सगळेच तितके स्वस्त नसते. कॉमन रेल इंजिनाच्या थारचे इंजेक्टर, सफारीचा विजेवर चालणारा फोर बाय फोर शिफ्ट, यांची दुरुस्ती जुन्या जीपसारखी हातोडी-पान्याने होत नाही. जुन्या पेट्रोल जिप्सीच्या इंधनमार्गातले रबरी पाइप आणि सील आता सर्वत्र मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेले नाहीत. ते बदलण्याचा खर्चही हिशेबात धरावा लागतो.

तिसरा आक्षेप हौसेचा आहे आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. सह्याद्रीच्या आडवाटांवर जीप नेण्याचा आनंद रुपयांत कसा मोजायचा? तो मोजू नये. पण हौसेचे पैसे वेगळे ठेवावेत आणि ते गाडी नीट करण्यावर, ब्रेक, सीट बेल्ट आणि टायर यांवर खर्चावेत. विक्रेत्याच्या चढ्या किमतीत ते विरू देऊ नयेत. हौसेपोटी विक्रेत्याला दिलेले जादा ५०,००० रुपये ज्या ब्रेककामासाठी हवे होते तेच काम मग पुढे ढकलले जाते. घाटात याची किंमत पैशांपेक्षा मोठी असते.

एक व्यापक कारणही आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये लिहिलेल्या आणि पुढे २००१ च्या नोबेल सन्मानापर्यंत नेणाऱ्या निबंधात वापरलेल्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेतले होते. गाडी कशी आहे हे विक्रेत्याला माहीत असते, खरेदीदाराला नसते. म्हणून खरेदीदार सगळ्यांना सरासरी किंमत देऊ करतो, आणि त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकायला येतच नाही. बाजारात उरतात त्या वाईट गाड्या. आपल्याकडे जुन्या जीपच्या बाबतीत हेच घडते. दरवर्षी पावसाळ्यानंतर चेसिस धुऊन घेणारा, वेळेवर पासिंग करणारा, बिले जपणारा मालक रंग न दिल्यामुळे कमी किंमत पाहतो, तर रंग देऊन गंज झाकणारा जास्त मिळवतो. खरेदीदारांनी कागद, चेसिस आणि मूळ यंत्रणा यांचे पूर्ण पैसे द्यायला आणि बाकीचे निःसंकोच वजा करायला सुरुवात केली, तर गाडी जपणे फायद्याचे ठरेल. म्हणून घासाघीस फक्त खाली नेण्यासाठी नसावी. चांगल्या गाडीला तिच्या मालकाच्या अपेक्षेपेक्षा दहा हजार जास्त देण्याची तयारीही या हिशेबात आहे, कारण त्या दहा हजारांत मिळते ते नंतर कुठल्याच दुकानात मिळणार नसते.